फळीची सरळ बाजू

नाय, त्याला हात लावू नको — तो हलवा तुझ्यासाठी नाय. डोळा बघ त्याचा, आत बसलाय. मासा कालचा हाय. घ्यायचं तर ही मांदेली घे, आज सकाळी धक्क्यावरनं आणलीय, तुझ्या सासऱ्याला आवडते, मला ठाऊक हाय, तीन वर्षं मीच देते — देत होते म्हण. काय? हे बोट? काय नाय गो, चिंधी बांधलीय नुसती. कापलं थोडं. कोळणीचं बोट कापलं त्यात काय बघायचं, तू मांदेली बघ. आन् एवढी लांब उभी राहू नको, पाणी उडत नाय इथं. तीन रविवार तू त्या पार्वतीच्या फळीवर गेलीस, बघितलं मी. पदर असा पुढं घेऊन माझ्यासमोरनं गेलीस, जशी काय माझ्या डोळ्यात मोतीबिंदू पडलाय. आज पार्वती नाय, भाचीचं लग्न हाय तिच्या ठाण्याला, म्हणून तू माझ्यासमोर. बरं झालं. मी वाटच बघत होते. नाय नाय, भांडत नाय मी. मी भांडले तर सगळ्या मुलुंडला ऐकू जाईल, ते तुलाबी ठाऊक हाय. मी नुसती बोलते. हा वाटा साफ होईपर्यंत ऐक. डोकी काढून देऊ ना? मंग वेळ लागेल. लागू दे.

आन् हो, इथं मी तुला तू म्हणते. तुझ्या इंग्रजी शाळेत, नातीला घालायला आले तेव्हा, टेबलासमोर, मी तुम्ही म्हटलं होतं, बाई म्हटलं होतं, चपला दाराबाहेर काढल्या होत्या. ती तुझी फळी होती. ही माझी हाय. इथं कोर्टाचा जज्ज येतो पिशवी घेऊन, त्यालाबी मी तू म्हणते, आन् तो हसून घेतो. राग मानू नको — मानलास तर मान. तिथं तू नाव विचारलंस, मी म्हटलं सुगंधा. तुझ्या बाजूच्या त्या सडपातळ बाईनं नाकाला रुमाल लावला आन् हसली. कोळीण आन् नाव सुगंधा. सगळे हसतात, माझा नवरासुद्धा लग्नात हसला होता, पण तो नवरा होता. तू हसली नायस, खरं ते सांगते. तू खाली बघितलंस. आन् मग मला विचारलंस, घरची माणसं काय करतात? काय करतात? तीन वर्षं माझ्या हातचं म्हावरं खातेस, तुला ठाऊक नव्हतं काय करतात ते? मी म्हणणार होते, तुझ्या रविवारच्या जेवणाची सोय करतात. नाय म्हटलं. पोर बाजूला होती म्हणून.

शकु. माझ्या लेकाची, लहूची पोर, साडेपाच वर्षांची. तू विचारलंस, हिला घरी इंग्रजी कोण शिकवतं, आन् मी छाती काढून म्हटलं, मी शिकवते. खोटं नव्हतं ते. म्हणजे — अर्धं होतं. थांब, सांगते. माझी सून जानकी, ती सातवी शिकलेली, म्युनिसिपालटीच्या शाळेत. तिथं पाचवीला इंग्रजी लागतं, तेवढं तिच्या डोक्यात राहिलंय. ती औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला जाते, सकाळी सातची पाळी. जाताना पोर माझ्याकडं सोडते आन् खडूनं या फळीवर एक अक्षर काढून जाते. रोज एक, असं वीतभर. मी म्हावरं मांडते ते त्याच्या भोवतीनं मांडते, अक्षरावर नाय. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की मी रद्दीचा पेपर काढते, बांधायला आणते त्यातला. इंग्रजीच घेते मी, मोठा असतो, ओला झाला तरी लवकर फाटत नाय. तो पसरायचा आन् जानकीचं अक्षर त्यात शोधायचं. मीबी शोधायची, पोरबी शोधायची. खवलं वेचावं तशी वेचायची ती. मंग दोन अक्षरं जोडायची, मंग तीन. पहिला शब्द कुठला वाचला सांगू? मिल. गेल्या साली पेपरात दुसरं होतं काय, रोज मिल, रोज संप, एवढ्या मोठ्या अक्षरात. मिलवाल्यांच्या बायका इथं यायच्या, पापलेट घेणाऱ्या जवळ्यावर आल्या होत्या, त्यांना शकु बोट ठेवून वाचून दाखवायची — मिल. त्या म्हणायच्या, वाच गो बाय, उघडली का तेबी बघ त्यात.

कशाला पाहिजे इंग्रजी, असं तोंड केलं होतंस तू तेव्हा. म्हणाली नायस, तोंड केलंस. नाहूरला आमच्या घरामागं खाडी हाय ना, तिथं काठावर एका कंपनीनं पाटी रोवली होती, लोखंडी, दोन खांबांवर, इंग्रजीत. लहू तेव्हा लहान होता. आम्हाला वाटलं बरं झालं, उंच हाय, वारा लागतो — आम्ही तिच्यावर जाळी वाळत घातली. दोन वर्षं घातली. मंग एक दिवस तारेचं कुंपण आलं आन् माणसं म्हणाली, पाटीवर लिहिलं होतं की, तक्रार असेल तर अमुक दिवसांत या म्हणून. आम्ही पाटीवर जाळी घातली होती गो. अख्खा गाव, आन् एकालाबी वाचता येईना. माझा नवरा मरेपर्यंत त्या कुंपणाकडं बघत बसायचा. आता कळलं कशाला पाहिजे? आता असं तोंड करू नको, मला दया नको. ही बघ, मांदेली कशी चमकते. ए, बर्फ इकडं टाक रे, तिकडं काय ओततोस, सगळा उन्हात.

हां, तर शकु. आता एक सांगते, त्यावर हस, हसायलाच सांगते. ही पोर चालता चालता थांबायची. दुकानाची पाटी दिसली की पाठ फिरवायची, ओणवी व्हायची, आन् दोन पायांतून मागं बघायची. नाहूरला घराशी, इथं स्टेशनाबाहेर, बँकेच्या दारात, कुठंबी. आमच्यात म्हणतात, पोर असं पायांतून बघायला लागलं म्हणजे पाठीवर भावंड येतंय. तुमच्यातबी म्हणतात? म्हणतच असतील. झालं. सगळ्या आळीनं जानकीला गाठलं, कितवा गो, कितवा. ती बिचारी नाय नाय म्हणते, पण ऐकतंय कोण. माझी विहीण पोळ्या घेऊन आली बघायला. मीसुद्धा दोन महिने सुनेला भाकरीवर तूप जास्त वाढलं, खोटं कशाला बोलू. आन् जेव्हा पायांतून बघायची नाय तेव्हा पोरगी मान वाकडी करून बघायची, ही अशी, कान खांद्याला लावून. मी म्हटलं मानेची शीर आखडली. रोज रात्री कोमट तेल चोळलं. सगळं चोळलं, तूप वाढलं, आन् डोळे उघडले ते तुझ्या शाळेतनं आल्यावर.

तू काय केलंस, आठवतंय? तुझ्यासमोर दिवसभरात पन्नास पोरं आली असतील. मी सांगते. तू टेबलावर पुस्तक ठेवलंस, गुळगुळीत, पानभर कुत्र्याचं चित्र आन् खाली दोन ओळी. म्हणालीस, रीड. शकुनं दोन्ही हातांनी पुस्तक धरलं आन् फिरवलं. कुत्रा पाय वर. तू सरळ केलंस. तिनं परत फिरवलं. तिसऱ्यांदा तू तिचा हात बाजूला केलास — जोरात केलास असं मी नाय म्हणत — आन् पुस्तक मिटलंस. त्या सडपातळ बाईला इंग्रजीत काय तरी बोललीस. मला शब्द नाय कळले, तोंड कळलं. मंग मराठीत म्हणालीस, आजी, हिला पुस्तक कसं धरायचं तेही माहीत नाही, हिला मराठी शाळेत घाला, तिथं जमेल. जमेल म्हणालीस. जशी काय मराठी शाळा म्हणजे कालच्या हलव्याची टोपली, इथं खपत नाय ते तिथं टाका. माझी जानकी तिथंच शिकली. तुझ्याएवढी नसेल शिकली, पण तिनं खडूनं काढलेल्या अक्षरावर ही पोर तुझ्या टेबलापर्यंत आली. आन् बाई, पोर वाचत होती. पुस्तक फिरवून ती वाचत होती, तिचे ओठ हलत होते, मी मागनं बघितले. तू ओठांकडं बघितलंच नायस. तू कुत्र्याकडं बघितलंस.

मला तरी कुठं कळलं म्हणा. मी काय केलं ते — ते जाऊ दे. वाटा संपत आला बघ. काय बघतेस? बरं, केलं. गेटाच्या बाहेर आले आन् दिली एक ठेवून. सकाळी खोबरेल लावून, पावडर लावून नेलं होतं, त्याच गालावर. म्हटलं, सगळ्यांसमोर माझं नाक कापलंस. मी आजपर्यंत त्या पोरीला हात लावला नव्हता, म्हावरं कापायचा हात हाय हा, जड असतो. आन् ती रडली नाय. माझ्याकडं बघून म्हणाली, आजी, त्या बाईंचं पुस्तक उलटं होतं. मी म्हटलं, वर तोंड करून बोलतेस. आणखी एक देणार होते. हात उचललेला होता. का थांबले ठाऊक नाय, पण थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर पसरला. ती समोर, तिकडं, बर्फाच्या पेटीवर, जिथं तू उभी हायस तिथं. तिची जागाच ती. समोर का, तर इकडं माझ्या गुडघ्याशी कोयता. कोयत्याच्या बाजूला पोर बसवायचं नाय, आमच्यात कोणीच बसवत नाय. माझ्या सासूनं लहूला बसवलं नाय, मी शकुला बसवलं नाय. मधी फळी, मी इकडं, पोर तिकडं. दोन वर्षं. तर त्या दिवशी ती म्हणाली, आजी तू इथं ये, मी दाखवते. गुडघे माझे उठत नायत लवकर, पण उठले, फळीला वळसा घातला आन् तिच्या पेटीवर जाऊन बसले. आन् बघितलं.

काय बघितलं? हा घे, हा कागद पसरते, तुझीच मांदेली बांधायची हाय. बघ खाली. माझ्याकडनं सरळ, तुझ्याकडनं उलटा. वाच. वाच ना, चांगलं मोठं अक्षर हाय, वरची ओळ. तू बीए हायस, बीएड हायस, बाहेर पाटीवर तुझं नाव हाय, नलिनी अमुक बीएबीएड, शकुनं वाचलं होतं ते — पायांतून वाचलं होतं, तुझ्या शाळेच्या व्हरांड्यात, आन् मी तिला सरळ उभी राहा म्हणून दटावलं. वाच. हां, मान वाकडी करतेस? कर, कर. शकुला मी त्याच्यासाठी तेल चोळलं. अडलीस ना? तिसऱ्या शब्दाला अडलीस. शकु तिथं बसून खडखडीत वाचायची, तुझ्या त्याच जागेवरनं. तिला वाटायचं, अक्षरं अशीच असतात. जगातल्या सगळ्या पाट्या उलट्या टांगल्यात आन् आपण वाकून त्या सरळ करायच्या. आन् कुरकुर म्हणून नाय केली पोरीनं. वाकायची.

चूक कोणाची म्हणतेस? जानकीची नाय. ती घाईत, तिकडं गिऱ्हाईकाचा चिखल, ती माझ्या बाजूला उभी राहून अक्षर काढायची. पण दुपारचा पेपर मी पसरायची. मला फिरवता आला नसता? हे म्हावरं बघ, हा सगळा वाटा, सगळ्यांची तोंडं तुझ्याकडं हायत. ही आमची रीत हाय, माल गिऱ्हाईकाकडं बघतो, कोळणीकडं नाय. डोळे झाकून मी तसंच मांडते. आन् पेपर तेवढा माझ्याकडं तोंड करून. एक दिवस नाय, दोन वर्षं. का? — कारण मला वाचायचं होतं गो. आता निघालंच तोंडातनं तर निघू दे. जानकी अक्षर काढायची पोरीसाठी आन् शिकायला मी बसले. सगळ्या मार्केटात सांगत फिरले, नातीला शिकवते, नातीला शिकवते. हाव सुटली होती मला. चाळीस वर्षं कागदात म्हावरं बांधते, त्याच्यावर काय लिहिलंय ते म्हावऱ्याला ठाऊक, मला नाय. म्हटलं, एकदा तरी. सत्तावन्नाव्या वर्षी. आन् सरळ बाजू मी घेतली, पोरीच्या वाट्याला उलटी दिली, आन् वर थोबाडात दिली. लाज वाटली मला. तुझी नाय, तुझी कशाला वाटेल. पोरीची वाटली. पण एक ध्यानात ठेव — ती शिकली. उलट्या बाजूनं शिकली. मी सरळ बाजूला बसून तिच्या निम्मंबी नाय शिकले, अजून मोठ्या शब्दाला बोट लावून लावून माझी दमछाक होते.

तर आता कोयता तिकडं गेला, डाव्या हाताला, भिंतीशी. पोर इकडं, माझ्या उजवीला, मांडीला मांडी लावून, सरळ बाजूला — आज रविवार, जानकी घरी, म्हणून पोरबी घरी. आन् हा हात चाळीस वर्षांचा, त्याला कोयता हलला ते कळत नाय, तो आपला जुन्या सवयीनं फिरतो आन् पातं भलतीकडनं येतं. म्हणून हे बोट. मघाशी विचारत होतीस ना. तीन आठवड्यांत तीनदा कापलं. पार्वती म्हणते, म्हातारे, कोयता जागेवर आण नायतर हात जाईल. जाईना का. पोर आठवड्यात सरळ वाचायला लागली. पहिले दोन दिवस रडली, अक्षरं पडतात म्हणाली, मंग तिसऱ्या दिवशी ठरवलं तिनं, आन् झालं. पायांतून बघायची बंद झाली. विहिणीला वाईट वाटलं जरा. आता ती सरळ वाचते, उलटंबी वाचते, समोरनं कोणी पेपर वाचत बसला तर ही इकडनं वाचते. तुझ्या शाळेत हाय का असं एक तरी? आन् दुपारी पेटीवर मी बसते, तुझ्या जागेवर. उलटी बाजू आता माझी. बसू दे. मला कुठं कुणाच्या टेबलावर जायचंय.

काय? — नीट बोल, पुटपुटू नको, इथं पुटपुटलेलं ऐकू येत नाय. उद्या? उद्या अकराला पोरीला आणू? यादी लागली नाय अजून? बघ हां. तू मांदेलीसाठी बोलत असशील तर नको. उपकार म्हणूनबी नको, आन् मी चारचौघांत बोलले म्हणून तर अजिबात नको, मी उद्याबी बोलीन, परवाबी बोलीन, ते माझं तोंड हाय. तो हलवा मी तुला दिला असता तर तुला घरी जाईपर्यंत कळलं नसतं. दिला नाय. तसं तू माझ्याशी कर. पोर बघ, नीट बघ, वाचत असेल तर घे. नसेल वाचत तर माझ्या तोंडावर सांग, मी तिला जानकीच्या शाळेत घालीन आन् तिथंबी ती वाचेल, तुझ्यावाचून अडणार नाय तिचं काय. पण बघून सांग.

आन् एक. पुस्तक टेबलावर ठेवू नको. तिच्या हातात दे. कसं धरायचं ते तिचं ती बघेल. तू मधी हात घालू नको, आन् कुत्र्याकडं बघू नको. ओठांकडं बघ.

हे घे, बांधली. कागद दोन लावलेत, गळणार नाय. चपला मी उद्याबी बाहेर काढीन, बाई म्हणीन, तुम्ही म्हणीन, ती तुझी फळी हाय. नाक मात्र झाकायचं नाय म्हणावं त्या सडपातळ बाईला, मी आंघोळ करून येते. जा आता. सासऱ्याला सांग सुगंधाकडची हाय. जा म्हटलं ना, ऊन चढलं, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय. बोल गो ताय, तुला काय — नाय, त्या हलव्याला हात लावू नको.